ज्वालामुखी, टोपी आणि मागाहून उमटवलेला छाप

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या एका दिवंगत शिक्षकांच्या पत्नीने मला घरी बोलावले. गुरुजींना जाऊन वर्ष झाले होते. त्यांच्या मागे सात वह्या उरल्या होत्या आणि त्यांत देशोदेशींची टपाल तिकिटे चिकटवलेली होती. तरुणपणी गुरुजी मुंबईला गेले की फोर्टातल्या पदपथावरच्या विक्रेत्यांकडून ही तिकिटे घेत. काकूंनी चहा पुढे ठेवला आणि विचारले, "तुला यातलं कळतं म्हणतात. यांचं काही होईल का रे? धाकटीच्या लग्नाचं बघतेय."

मी तेव्हा तिशीत होतो. छापखान्यात कंपोझिटर होतो आणि फावल्या वेळात तिकिटांचा अभ्यास करत होतो. अभ्यास म्हणजे हाताला लागेल ते वाचणे. एल साल्वादोर, निकाराग्वा, होंडुरास या मध्य अमेरिकेतल्या देशांची गुरुजींनी पानेच्या पाने भरली होती. बहुतेक तिकिटे कोरी, रंग ताजे. त्याच सुमारास एका जुन्या इंग्रजी मासिकात मी वाचले होते की, ही तिकिटे 'सीबेक'ची, संग्राहकांच्या गळ्यात मारण्यासाठी छापलेली, त्यांना काही किंमत नाही. मी दोन वह्या चाळल्या आणि निकाल दिला, "काकू, ही सगळी सीबेकची. पोत्याने मिळतात."

काकूंनी विश्वास ठेवला. वह्या रद्दीत गेल्या. लग्नासाठी त्यांनी पाटल्या मोडल्या, हे मला पुढे कळले. त्या वह्यांमुळे पाटल्या वाचल्या असत्या असे मी म्हणत नाही. बहुधा नसत्या वाचल्या. पण मी दिलेला निकाल चुकीचा होता आणि तो का चुकीचा होता हे कळायला मला पुढची बरीच वर्षे लागली.

चार वर्षांपूर्वी त्यांची तीच धाकटी मुलगी एक पान घेऊन आली. "दादा, बाबांच्या शब्दकोशात सापडलं. काही कामाचं आहे का?" पानावर आठ तिकिटे होती, सगळी मध्य अमेरिकेची. खाली गुरुजींच्या वळणदार अक्षरात देशांची नावे. या लेखात त्या आठ तिकिटांची ओळख पटवायची आहे. ती पटवताना 'खरे की खोटे?' हा प्रश्न किती अपुरा आहे, तेही सांगायचे आहे.

देश कोणता?

मध्य अमेरिकेची जुनी तिकिटे नवख्याला एकसारखी वाटतात, आणि त्याला कारण आहे. १५ सप्टेंबर १८२१ रोजी हा प्रदेश स्पेनपासून स्वतंत्र झाला. पुढे ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिका या पाच प्रांतांचे एक संघराज्य झाले. त्याच्या चिन्हावर त्रिकोण होता. त्रिकोणात ज्वालामुखींची रांग आणि काठीवर टांगलेली स्वातंत्र्याची टोपी. संघराज्य १८४० पर्यंत मोडले. पण चिन्हे वाटून घेतल्यासारखी मागे राहिली. निकाराग्वाच्या १८६२ च्या पहिल्या तिकिटावर डोंगरमाथा आणि टोपी आहे. एल साल्वादोरच्या १८६७ च्या पहिल्या तिकिटावर ज्वालामुखी आणि त्याच्यावर ताऱ्यांची कमान आहे. कोस्टा रिकाने १८६३ मध्ये, होंडुरासने १८६६ मध्ये आणि ग्वातेमालाने १८७१ मध्ये तिकिटे काढली, ती आपापली राजचिन्हे घेऊन. त्यामुळे चित्रावरून देश ओळखायला जाल तर फसाल. अक्षरे वाचावी लागतात.

स्पॅनिश येत नसले तरी दहा-बारा शब्दांवर काम भागते. 'कोर्रेओस' म्हणजे टपाल. 'ओफिसियाल' म्हणजे सरकारी कामाचे. 'फ्रांकेओ देफिसिएन्ते' म्हणजे कमी पडलेला हशील वसूल करण्याचे. 'तेलेग्राफोस' म्हणजे तारेचे. 'तिंब्रे फिस्काल' म्हणजे महसुलाचे, आपल्या कोर्ट फी स्टॅम्पच्या जातीचे. 'फेर्रोकार्रिल' म्हणजे रेल्वे. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे, कारण या देशांनी तिकिटांचा तुटवडा पडला की हाताशी असेल त्या कागदावर छाप मारून त्याचे टपाल तिकीट केले. ग्वातेमालाने १८८६ मध्ये रेल्वेसाठी काढलेल्या, अध्यक्ष बारिओस यांचे चित्र असलेल्या तिकिटांवर नवी किंमत छापून ती टपालाला चालवली. निकाराग्वात १९११ मध्ये रेल्वेच्या कराच्या कुपनांची टपाल तिकिटे झाली. त्यांतल्या काहींवर तर नवी किंमत मागच्या बाजूला छापलेली आहे. म्हणून तिकीट चिकटवण्याआधी उलटून पाहावे.

अक्षरांनंतर चलन. किंमत 'रेआल'मध्ये असेल तर तिकीट साधारण १८८० च्या आसपासचे किंवा त्याआधीचे. 'सेंताव्हो' असेल तर बहुधा त्यानंतरचे. पुढे प्रत्येक देशाने आपले वेगळे चलन काढले आणि त्यांच्या नावांतच इतिहास भरला आहे. कोस्टा रिका आणि एल साल्वादोरचे 'कोलोन' कोलंबसाच्या नावाचे. निकाराग्वाचे 'कोर्दोबा' एका स्पॅनिश जेत्याच्या नावाचे. होंडुरासचे 'लेंपिरा' मात्र स्पॅनिशांशी लढलेल्या स्थानिक सरदाराच्या नावाचे. ग्वातेमालाने १९२० च्या दशकात चलनाला 'केत्साल' या पक्ष्याचे नाव दिले, पण हा पक्षी तिकिटावर त्याआधीच, १८७९ मध्ये येऊन बसला होता.

गुरुजींच्या पानावरचे पहिले तिकीट याच केत्सालचे, १८८१ च्या मालिकेतले, दोन रंगांत छापलेले. चौकट एका फेरीत, मधला पक्षी दुसऱ्या फेरीत. दोन फेऱ्यांची छपाई ज्याने केली आहे त्याला यातली धाकधूक माहीत असते: दुसऱ्या फेरीला कागद उलटा लागला तर पक्षी डोक्यावर उभा राहतो. या मालिकेत २, ५ आणि २० सेंताव्होंच्या तिकिटांवर तसे झालेले आहे आणि ती तिकिटे दुर्मीळ आहेत. आमचा पक्षी सरळ उभा आहे.

सीबेक नावाची अडचण

पानावरची पाच तिकिटे १८९० ते १८९९ या दशकातली आहेत, म्हणजे मी ज्यांना पोत्याने मिळणारी म्हटले होते त्यांतली. निकोलस सीबेक हा जर्मनीत जन्मलेला आणि न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेला तिकिटांचा व्यापारी. हॅमिल्टन बँक नोट कंपनीत त्याचे वजन होते. १८८९ च्या सुमारास त्याने एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा आणि दक्षिण अमेरिकेतल्या इक्वादोरशी करार केले. कराराचे सूत्र साधे होते. कंपनी दरवर्षी नव्या चित्रांची तिकिटे फुकट छापून देईल. वर्ष संपले की जुनी तिकिटे टपालातून रद्द होतील आणि उरलेला साठा कंपनीला परत जाईल. शिवाय जुन्या साच्यांवरून पुन्हा छपाई करण्याचा हक्क कंपनीकडे राहील. हा सगळा माल संग्राहकांना विकून कंपनीने पैसा करायचा.

छापखान्याच्या माणसाला हे गणित लगेच कळते. खर्च असतो तो साचा कोरण्याचा. एकदा साचा झाला की पुढे लागते फक्त शाई आणि कागद. तिजोरीत खडखडाट असलेल्या छोट्या प्रजासत्ताकांनाही हा सौदा सोयीचा वाटला, कारण छपाईचा खर्चच नाही. संग्राहक मात्र चिडले. १८९५ मध्ये लंडनमध्ये अशा सट्ट्याच्या तिकिटांना आळा घालण्यासाठी एक संस्थाच स्थापन झाली. सीबेक १८९९ मध्ये वारला, पण त्याच्या नावाला लागलेला डाग त्या देशांच्या तिकिटांनाही चिकटला. मी वाचलेला लेख त्याच रागाचा वारसदार होता.

त्या रागात एक साधी गोष्ट दिसेनाशी झाली. या दहा वर्षांत त्या देशांतले लोक पत्रे लिहीत होतेच, आणि त्या पत्रांना लावायला हीच तिकिटे होती. म्हणजे 'सीबेक' या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली, टपाल कचेरीत विकली जाऊन पत्रावर लागलेली. दुसरी, त्याच छपाईतली, पण वर्ष संपल्यावर कोरी परत गेलेली शिल्लक. तिसरी, मागाहून संग्राहकांसाठी केलेली पुनर्मुद्रणे, आणि तीही सगळ्या वर्षांची नाहीत, काहींचीच. मी तिन्हींना एकाच पोत्यात घातले होते.

पानावर होंडुरासचे १८९२ चे कोरे तिकीट आहे, कोलंबसाचे. त्या वर्षी कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे झाली, म्हणून तिन्ही देशांच्या मालिकांवर तोच विषय आला. आमचे तिकीट होंडुरासच्या टपाल कचेरीतून विकत घेतलेले की शिल्लक साठ्यातले, हे त्याच्याकडे नुसते पाहून कोणीही सांगू शकत नाही. दोन्हींची छपाई एकच, कागद एकच. वेगळी आहे ती फक्त त्यांची हकिकत. इथे प्रामाणिक उत्तर एवढेच की, तिकीट अस्सल छपाईचे आहे, पण त्याने टपालाचे काम केलेले नाही.

कागद बोटांना काय सांगतो

पुढची दोन तिकिटे निकाराग्वाच्या नकाशाची. ही चित्रे १८९६ आणि १८९७ अशा दोन वर्षी निघाली. तिकिटावर छापलेले साल वाचले की वर्ष कळते. आमची दोन्ही १८९६ ची, एकाच किमतीची. गुरुजींनी खाली लिहिले आहे, 'दुबार'. चित्र तेच, रंग जवळपास तोच. दातेरी कडा मोजण्याची रीत अशी की, दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रे बसतात ते पाहायचे. दोन्हींत बाराच बसतात. मग फरक कशात?

फरक कागदात आहे. निकाराग्वाच्या १८९६, १८९७ आणि १८९८ च्या तिकिटांची पुनर्मुद्रणे झाली, ती जाड, सच्छिद्र कागदावर. मी दोन्ही तिकिटे चिमट्याने उचलून उजेडासमोर धरली. एक पातळ, त्यातून उजेड एकसारखा येतो. दुसरे फुगीर, टिपकागदाच्या वळणाचे. जुन्या कागदाला वीण असते, आम्ही छापखान्यात तिला 'ग्रेन' म्हणतो. मूळ छपाई आणि पुनर्मुद्रण यांत या विणीची दिशाही काही वेळा वेगळी निघते. एक आडवी, एक उभी. भिंगापेक्षा अशा वेळी तिरपा उजेड जास्त उपयोगी पडतो.

जलचिन्हही पाहावे लागते. काळ्या बशीत तिकीट पालथे ठेवून त्यावर लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकले की जलचिन्ह गडद दिसते. जवळपास दिवा किंवा उदबत्ती नको. या काळातल्या तिकिटांत स्वातंत्र्याच्या टोपीचेच जलचिन्ह सापडते. पण १८९६ ची निकाराग्वाची तिकिटे टोपीसह आणि टोपीविना, दोन्ही प्रकारच्या कागदावर आहेत. म्हणून 'जलचिन्ह नाही म्हणजे नकली' असा झटपट निष्कर्ष काढू नये.

थोडक्यात, गुरुजींची ही दोन तिकिटे दुबार नव्हती. एक मूळ, एक पुनर्मुद्रण. आणि पुनर्मुद्रण म्हणजे नकली नव्हे. ते त्याच साच्यावरून, कराराने मिळालेल्या हक्काने छापलेले आहे. फक्त ते कधी पत्रावर लागणार नव्हते.

पदच्युत माणसाचा चेहरा

पाचवे तिकीट एल साल्वादोरचे, १८९५ चे. त्यावर एका लष्करी माणसाचा चेहरा आहे आणि त्या चेहऱ्यावर देशाचे राजचिन्ह छापलेले आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, छपाई चुकली. चूक नव्हे, तो बंदोबस्त आहे. १८९० ते १८९४ या काळात कार्लोस एसेता अध्यक्ष होता आणि त्याचा भाऊ जनरल आंतोनियो सत्तेतला भागीदार. पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर आंतोनियोचे चित्र घ्यायचे ठरून साचेही कोरले गेले. १८९४ मध्ये एसेता बंधूंची सत्ता उलथली. तिकिटे तर तयार. नव्या सरकारने ती टाकून दिली नाहीत. चेहऱ्यावर राजचिन्हाचा छाप मारून वापरात आणली. हा छाप नसलेली आंतोनियोची तिकिटे टपालात आलीच नाहीत. दरवर्षी आगाऊ छपाई करण्याच्या करारामुळेच हा प्रसंग ओढवला. हे सगळे कळल्यावर 'सट्ट्याचा माल' म्हणून हे तिकीट बाजूला सारणे मला जमत नाही.

शाईवर शाई

सहावे तिकीट पाहून माझा श्वास अडकला होता. कोस्टा रिकाचे तिकीट आणि त्यावर 'ग्वानाकास्ते' हा छाप. ग्वानाकास्ते हा कोस्टा रिकाचा दूरचा प्रांत. तिथपर्यंत तिकिटे पोहोचवणे जिकिरीचे होते, म्हणून १८८५ पासून काही वर्षे तिथे ती सवलतीत विकली जात. सवलतीची तिकिटे कोणी राजधानीत आणून विकू नयेत यासाठी त्यांवर प्रांताचे नाव छापले. आपल्याकडे इंग्रजी अमलातल्या तिकिटांवर 'ग्वाल्हेर', 'पतियाळा' असे संस्थानांचे छाप आहेत. दिसायला प्रकार तसाच, कारण वेगळे. निकाराग्वातही झेलाया या पूर्वेकडच्या प्रांतासाठी असाच वेगळा छाप मारावा लागला, कारण तिथे चांदीचे नाणे चाले आणि बाकी देशात कागदी पैसा. दोन्हींच्या किमतीत मोठा फरक होता.

असे छाप म्हणजे बनावट करणाऱ्यांना आमंत्रणच. साधे तिकीट घ्यायचे, चार खिळे जुळवायचे, दाब द्यायचा. हे काम मी आयुष्यभर केले आहे, त्यामुळे ते किती सोपे आहे हे मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट बनावट करणाऱ्याला सांभाळता येत नाही, ती म्हणजे क्रम. खरा छाप तिकीट विकण्याआधी बसतो. टपालाचा शिक्का नंतर पडतो. म्हणून शिक्क्याची शाई छापाच्या शाईवर दिसली पाहिजे. आमच्या तिकिटावर मी दहापट भिंग लावले. 'ग्वानाकास्ते'ची काळी अक्षरे शिक्क्याच्या वर्तुळावरून गेलेली होती. शिक्का आधीचा, छाप नंतरचा. म्हणजे वापरलेल्या साध्या तिकिटावर कोणीतरी मागाहून प्रांताचे नाव चढवले होते.

पानावरचे सर्वांत मौल्यवान म्हणून मी ज्याच्याकडे पाहिले, तेच एकटे बनावट निघाले.

चित्रावर विसंबणे

सातवे तिकीट निकाराग्वाचे, १९०० चे. सीबेकचा करार संपल्यावर अमेरिकन बँक नोट कंपनीने छापलेले. त्यावर तळ्याकाठचा मोमोतोम्बो ज्वालामुखी आहे, माथ्यावर धूर. या तिकिटाची हकिकत प्रसिद्ध आहे. अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा कालवा निकाराग्वातून काढायचा की पनामातून, यावर १९०२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये वाद चालू होता. त्याच मे महिन्यात मार्तिनिक बेटावर माँ पेले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सेंट पिएर शहर नष्ट झाले आणि हजारो माणसे मेली. पनामाच्या बाजूने खटपट करणारा फ्रेंच अभियंता फिलीप ब्युनो-व्हारिया याने मोमोतोम्बोची तिकिटे गोळा करून सिनेटरांना पाठवली. पाहा, निकाराग्वाच स्वतःच्या तिकिटावर धुमसता ज्वालामुखी दाखवतो. १९ जूनला ४२ विरुद्ध ३४ मतांनी पनामाच्या बाजूने कौल लागला. एकट्या तिकिटाने निर्णय फिरवला असे म्हणता येणार नाही. कारणे अनेक होती. मोमोतोम्बो तर नियोजित मार्गापासून बराच दूर होता. पण चित्र पाहून लोकांनी जे समजायचे ते समजून घेतले. मला हे तिकीट पाहिले की ते सिनेटर परके वाटत नाहीत.

मळकट तुकडा

आठवे तिकीट सुटे नाही. ते पाकिटाच्या कोपऱ्याच्या तुकड्यावर चिकटलेले आहे. निकाराग्वाचे, १८९३ च्या राजचिन्हाच्या मालिकेतले, पाच सेंताव्होंचे. तुकडा पिवळट, कडेला वाळवीने खाल्लेला. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर पडला आहे, आणि त्याची रेघ तिकिटाच्या कडेवरून कागदावर अखंड उतरते. म्हणजे तिकीट मागाहून आणून चिकटवलेले नाही. शिक्क्यातल्या तारखेचे साल वाचता येते: १८९३. सीबेकचे तिकीट त्याच वर्षापुरते असे, त्यामुळे शिक्क्याचे साल आणि तिकिटाचे साल जुळणे ही चांगली साक्ष असते. सुटे कोरे सीबेक आजही स्वस्तात मिळते. पत्रावर लागून खरोखर प्रवास केलेले सीबेक शोधावे लागते, आणि अभ्यासक आज तेच शोधतात.

मला आता त्या वह्या आठवतात. त्यांत असे मळकट तुकडे आणखी होते. मी ते घाण म्हणून भराभर उलटवले होते आणि टवटवीत पानांवर थांबलो होतो. किती होते, कोणत्या देशांचे, काही सांगता येत नाही. रद्दीत गेलेल्या वस्तूची ओळख पटवता येत नाही.

मुलीला मी सगळे सांगितले, मागचेही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा फसले नव्हते?"

"एका तिकिटात फसले होते," मी म्हणालो. "बाकीच्या सातांत नाही. फसलो होतो तो मी."

पान तिने घरी नेले. आता कोणी तिकिटे घेऊन आले की मी लगेच काही बोलत नाही. कोणी छापले, कशासाठी छापले, कधी छापले, आणि ते कधी पत्रावर बसून कुठे गेले का, हे चार प्रश्न आधी एका कागदावर लिहून घेतो. उत्तराला आठवडा लागेल असे सांगतो. काहींना तो उशीर वाटतो.